गुडघ्याची गादी आणि वैद्याचे तीन प्रश्न

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या आपणा सर्वांच्या चिकित्सालयात एक रुग्ण वरचेवर येतो. हातात एमआरआयचे मोठे पाकीट असते. खुर्चीवर बसताना तो एक पाय सरळ ठेवतो आणि म्हणतो, "डॉक्टर, गुडघ्याची गादी फाटली आहे. दुर्बिणीचे ऑपरेशन सांगितले आहे. आयुर्वेदात काही आहे का?" आपण काय उत्तर देतो यावर त्याचे पुढील कित्येक वर्षांचे चालणे आणि पुष्कळदा त्याची नोकरीही अवलंबून असते.

आपल्यापैकी अनेकजण या प्रश्नाला दोनपैकी एक ठरीव उत्तर देतात, असे आमच्या पाहण्यात आहे. पहिले उत्तर, "ऑपरेशन मुळीच करू नका, एकवीस दिवस जानुबस्ती घ्या." दुसरे उत्तर, "हा आमचा विषय नाही, सर्जनकडे जा." पहिल्यात शास्त्राभिमान दिसतो, दुसऱ्यात नम्रता दिसते. परंतु ही दोन्ही उत्तरे रुग्णाला हात न लावता देता येतात, आणि हाच त्यांचा मोठा दोष होय. ज्या उत्तरासाठी दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांची गरज पडत नाही, ते वैद्याचे उत्तर नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या पट्ट्यातील गुडघे

१९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पाठोपाठ टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लघुउद्योग आले. १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला, आणि पुणे-नाशिक महामार्गावरील हे कांद्याच्या बाजाराचे गाव पाहता पाहता मोटारींचे गाव झाले. येथील कामगार आठ-आठ तास सिमेंटच्या फरशीवर उभा असतो. उकिडवे बसून तो यंत्राखालचे नट आवळतो, वजन हाती घेऊन कमरेतून वळतो, पाळी सुटली की खड्ड्यांच्या रस्त्याने दुचाकीवर घरी जातो. दुसरीकडे भोसरी परिसरात कुस्तीच्या तालमी व कबड्डीचे संघ जुन्या काळापासून आहेत. म्हणजे एकाच रुग्णालयाच्या ओट्यावर बावीस वर्षांचा खेळाडू आणि पन्नाशीचा कामगार शेजारी शेजारी बसतात. दोघांच्या एमआरआय अहवालात मेनिस्कस फाटल्याची नोंद असते, पण दोघांचा रोग एक नसतो. हा भेद ज्याने ओळखला त्याची अर्धी चिकित्सा झाली.

मेनिस्कस म्हणजे मांडीचे हाड व नडगीचे हाड यांमधील चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन तंतुमय गाद्या, एक आतील बाजूची व एक बाहेरील. शरीराचा भार त्या पसरवून घेतात. त्यांच्या बाहेरच्या कडेला, सुमारे एक तृतीयांश भागाला रक्तपुरवठा असतो. आतील कडेला तो जवळजवळ नसतो. म्हणून बाहेरच्या कडेची चीर जुळू शकते, आतली सहसा जुळत नाही. सुश्रुताचार्यांनी जानु हे संधिमर्म मानून त्याची गणना वैकल्यकर मर्मांत केली आणि त्याच्या आघाताचे फळ खंजता असे सांगितले. ते किती अचूक होते हे आमच्या चिकित्सालयातील बाकावर रोज दिसते.

पहिला प्रश्न: गुडघा अडकतो का?

येथे आम्हास स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी भोसरीतील एकवीस वर्षांचा एक कबड्डीपटू आमच्याकडे आला. चढाई करताना पाय जमिनीवर रोवलेला आणि अंग वळलेले, अशा स्थितीत गुडघ्यात कट् असा आवाज झाला. सूज दुसऱ्या दिवशी आली. आम्ही लेप, दशमूळ क्वाथ, लाक्षादि गुग्गुळ आणि पुढे जानुबस्ती अशी योजना केली. दहा दिवसांत सूज व वेदना उतरल्या. मुलगा आनंदी, वडील आनंदी आणि आम्हीही समाधानी. मात्र पाय पूर्ण सरळ होत नव्हता, शेवटचे पंधरा-वीस अंश राहत होते. हा स्तंभ आहे, स्नेहन-स्वेदनाने जाईल असे आम्ही समजलो. सहा आठवडे असेच गेले.

अखेरीस अस्थिशल्यविशारदांकडे तपासणी झाली तेव्हा गादीचा फाटलेला भाग बादलीच्या कडीप्रमाणे उलटून सांध्यात अडकलेला निघाला. इतक्या दिवसांच्या घर्षणाने त्याच्या कडा झिजल्या होत्या. टाके घालणे शक्य झाले नाही, तो भाग काढून टाकावा लागला. शल्यविशारद आम्हास काही कठोर बोलले नाहीत. "लवकर आला असता तर शिवण्याचा प्रयत्न करता आला असता," एवढेच त्यांनी सांगितले. ते वाक्य आम्ही विसरलो नाही.

गादी काढून टाकण्याची किंमत काय असते, हे १९४८ मध्येच फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने क्ष-किरण चित्रांवरून दाखविले होते. गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे झिजेच्या खुणा दिसतात. त्या काळी गुडघा उघडून संपूर्ण गादी काढीत असत. जपानमध्ये ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशयाच्या दुर्बिणीतून मृतदेहाचा गुडघा आतून पाहिला. पुढे त्यांचे शिष्य वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने फक्त फाटलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया केली. आता शक्य तेथे गादी शिवण्याकडे कल आहे. म्हणजे शल्यशास्त्राची वाटचाल काढण्याकडून राखण्याकडे झाली आहे. तरुण रुग्णास सहा आठवडे अडकवून ठेवून आम्ही मात्र त्याला राखण्याकडून काढण्याकडे नेले.

म्हणून आमचा आग्रह आहे की प्रत्येक गुडघ्याच्या रुग्णास पहिल्याच दिवशी विचारावे: गुडघा अडकतो का, पूर्ण सरळ होतो का, चालताना अचानक दगा देतो का? दुखापतीनंतर सूज तास-दोन तासांत भरून आली असेल तर आत रक्त साचल्याची, बहुधा लिगामेंट तुटल्याची शंका घ्यावी. दुसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू आली असेल तर गादीची. तरुण वय, निश्चित आघात आणि अडकलेला गुडघा ही त्रयी दिसली की तेल तापवू नये. चिठ्ठी लिहावी आणि त्याच आठवड्यात पाठवावे. चरकाचार्यांनी गुल्म पक्व झाल्यावर अधिकार धान्वंतरीय संप्रदायाकडे सोपविला, तेव्हा त्यांचा कायचिकित्सेवरील विश्वास उणावला नव्हता. आपलाही उणावण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न: आगंतु की निज?

आता दुसरा रुग्ण पाहा. वय बावन्न, निगडीस राहणारा, टूलरूममध्ये तीस वर्षे काम केलेला. आघात काही नाही. जिना उतरताना गुडघ्याच्या आतील बाजूस कळ, सायंकाळी थोडी सूज, वजन वाढलेले. गुडघा अडकत नाही. एमआरआयमध्ये गादी झिजून फाटल्याची नोंद आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली.

येथे घाई कोणी करू नये, हे सांगण्यासाठी आपल्या ग्रंथांबरोबरच शल्यशास्त्राचे स्वतःचे पुरावेही आहेत. २००८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील ९९१ मध्यमवयीन व वृद्ध व्यक्तींच्या गुडघ्यांचे एमआरआय प्रसिद्ध झाले. ज्यांची गादी फाटलेली आढळली त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिन्यात गुडघ्याचे कोणतेही दुखणे नव्हते. म्हणजे पन्नाशीनंतर एमआरआयमधील चीर हे पुष्कळदा केसांच्या पांढरेपणासारखे वयाचे लक्षण असते, दुखण्याचे कारण असेलच असे नाही. २०१३ मध्ये फिनलंडमधील पाच रुग्णालयांनी ३५ ते ६५ वयाच्या १४६ रुग्णांवर एक विलक्षण प्रयोग केला. निम्म्यांची झिजलेली गादी दुर्बिणीने कापली, निम्म्यांवर केवळ शस्त्रक्रियेचा देखावा केला. कोणास काय केले हे रुग्णांस ठाऊक नव्हते. वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारलेले आढळले. त्याच वर्षी अमेरिकेत ४५ वर्षांवरील ३५१ रुग्णांत शस्त्रक्रिया व व्यायामचिकित्सा यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र व्यायामाच्या गटातील सुमारे ३० टक्के रुग्णांनी या काळात शस्त्रक्रिया करून घेतली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून तज्ज्ञांच्या मंडळाने झिजेच्या गुडघ्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया जवळजवळ कोणासच करू नये, अशी ठाम शिफारस केली.

हे वाचून आपल्यापैकी काहींना हर्ष होईल. आमची विनंती आहे की हर्षापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, फिनलंडच्या प्रयोगात आघाताने फाटलेले व अडकलेले गुडघे घेतलेच नव्हते. आमच्या कबड्डीपटूला तो निष्कर्ष लागू नाही. दोन, हा प्रयोग करणारे स्वतः अस्थिशल्यविशारद होते. आपल्या हातच्या, आपल्या उत्पन्नाच्या शस्त्रक्रियेवर त्यांनी संशय घेतला आणि निकाल प्रसिद्ध केला. आपण आपल्या जानुबस्तीची अशी परीक्षा किती वेळा घेतली आहे?

निगडीच्या रुग्णास आम्ही तीन महिने थांबण्याचा सल्ला दिला. शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, रद्द करण्याचे नंतर पाहू, असे सांगितले. आहारात बदल व वजन कमी, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम रोज दोन वेळा, उकिडवे बसणे बंद, जानुबस्तीची दोन आवर्तने, योगराज गुग्गुळ व एरंडमूळ क्वाथ असा क्रम ठेवला. आज ते कामावर आहेत, जिना सावकाश उतरतात. यात तेलाचे श्रेय किती आणि व्यायामाचे किती, हे वाटून सांगणे आम्हास शक्य नाही. तसे सांगणाऱ्यावर आपणही विश्वास ठेवू नये.

रुग्ण आपल्याला महेंद्रसिंह धोनी यांचे उदाहरण देतात. २०२२ मध्ये ते रांचीजवळच्या एका गावातील वैद्यांकडून गुडघ्यासाठी वनौषधी घेतात, अशा बातम्या आल्या आणि आपल्या वर्तुळात त्यांची कात्रणे हौसेने फिरली. जून २०२३ मध्ये मुंबईत त्यांच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, ते कात्रण मात्र आपण ठेवले नाही. २०२४ च्या आयपीएलमध्ये ते पुन्हा यष्टीमागे उभे राहिले. अर्धे कात्रण दाखविणारा वैद्य असो वा सर्जन, रुग्णाच्या दृष्टीने सारखाच.

तिसरा प्रश्न: कापली की शिवली?

शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा असतो, आणि तोच आपण विचारत नाही. बाहेरून दोन्हीत फरक दिसत नाही, गुडघ्यावर दोन-तीन छोटी छिद्रे एवढेच. पण गादीचा फाटलेला भाग कापून काढला असेल तर रुग्ण बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालतो, हलके काम दोन आठवड्यांनी आणि कष्टाचे काम साधारण चार ते सहा आठवड्यांनी करू शकतो. गादी शिवली असेल तर चार ते सहा आठवडे कुबड्या वा पट्टा, गुडघा नव्वद अंशांपलीकडे वाकविणे वर्ज्य, आणि उकिडवे बसणे सुमारे चार महिने बंद. शिवलेल्या गुडघ्याला "मोकळा करण्यासाठी" तिसऱ्या आठवड्यात जोराने वाकविणारा मर्दनकार टाके तोडतो. म्हणून डिस्चार्ज कार्ड वाचल्याशिवाय गुडघ्याला हात लावू नये. ते समजले नाही तर शल्यविशारदांना दूरध्वनी करावा. त्यात कमीपणा नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत, टाके निघून छिद्रे कोरडी होईपर्यंत तेल, लेप व उष्ण स्वेद गुडघ्यावर नकोत. या काळात आपले काम पोटातले व मनातले आहे: अग्नी सांभाळणे, वेदनाशामकांनी आलेले अम्लपित्त व मलावष्टंभ निवारणे, झोप लावणे, घोट्याच्या हालचाली व मांडी आवळण्याचे व्यायाम तासातासाला करवून घेणे. तिसऱ्या आठवड्यापासून, शल्यविशारदांच्या संमतीने मांडीवर मृदू अभ्यंग, नंतर नाडीस्वेद आणि पुढे जानुबस्ती. मांडीचा स्नायू आठ-दहा दिवसांत दिसण्याइतका वाळतो. बृंहण, स्नेहन व बलवर्धन ही आपली बलस्थाने खरी या ठिकाणी उपयोगी पडतात.

एका प्रसंगाने आम्ही पुष्कळ शिकलो. मराठवाड्यातून आलेला, चाकणला ठेकेदारामार्फत कामास असलेला चौतीस वर्षांचा कामगार. गादीचा भाग कापल्यानंतर अकराव्या दिवशी तो उभ्याच्या पाळीवर परतला, कारण ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस आणण्याची भाषा केली होती. खोली तिसऱ्या मजल्यावर, शौचालय भारतीय बैठकीचे. चार दिवसांनी तो आला आणि म्हणाला, "डॉक्टर, पोटरी भरून आली आहे, जरा चोळून द्या." आमचा परिचारक तेल कोमट करू लागला होता. आम्ही टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. शस्त्रक्रियेच्या बाजूची तीन सेंटिमीटरहून अधिक जाड होती, स्पर्शास उष्ण होती. तेल बाजूला ठेवून त्याला तत्काळ रुग्णालयात पाठविले. डॉपलर तपासणीत खोल शिरेत रक्ताची गाठ निघाली. ती पोटरी चोळली असती तर ती गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. त्या दिवसापासून आमच्याकडे मोजपट्टी तेलाच्या भांड्याशेजारी टांगलेली असते.

या रुग्णाचा रोग गुडघ्यात होता, पण त्याचे उपशयाचे साधन, म्हणजे विश्रांती, त्याच्या हाती नव्हती. या पट्ट्यातील शस्त्रक्रिया टेबलावर फसण्यापेक्षा कारखान्याच्या फाटकावर अधिक फसतात, असा आमचा अनुभव आहे. कामगार राज्य विमा योजनेत नोंद व पुरेशी वर्गणी असलेल्या कामगारास आजारपणात वेतनाच्या ७० टक्के लाभ वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो. दुखापत कामावर झाली असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सुमारे ९० टक्के असतो. पुष्कळ ठेका कामगारांना आपल्या पगारातून ही वर्गणी कापली जाते एवढेच ठाऊक असते. त्यांना विमा क्रमांक विचारावा, मोहननगर, चिंचवड येथील विमा रुग्णालयाची वाट दाखवावी आणि दुखापत कोठे झाली ते खरे सांगण्यास धीर द्यावा. त्या योजनेत तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला चालतो. तरीही आपण स्पष्ट अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी, "उकिडवे बसणे वर्ज्य, वजन उचलणे वर्ज्य, अमुक आठवडे", पर्यवेक्षकापुढे ठेवण्यास रुग्णास उपयोगी पडते. आजवर आम्ही अशा चिठ्ठ्या पुष्कळ लिहिल्या. सर्वच मानल्या गेल्या नाहीत, पण काही मानल्या गेल्या.

औषधी विक्रेत्या बंधूंस

गुडघ्याचा रुग्ण वैद्याआधी आपल्या दुकानात येतो. "गुडघ्याचे तेल द्या" म्हणणाऱ्यास आपण एकच प्रश्न विचारावा: ऑपरेशन झाले आहे का, आणि किती दिवस झाले? जखम ओली असणाऱ्यास तेल विकू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यास गुग्गुळाचे कल्प वैद्यास विचारल्याविना देऊ नयेत. आणि ज्या चूर्णाच्या पुडीवर घटकद्रव्ये, परवाना क्रमांक व निर्मात्याचे नाव नाही, पण दोन दिवसांत गुडघा थांबतो, ती पुडी दुकानात ठेवूच नये. इतक्या झटपट गुणाच्या आड स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. शस्त्रक्रियेच्या आसपास त्याने जंतुसंसर्गाला दार उघडे होते, आणि बदनामी निर्गुंडी व गुग्गुळाची होते.

संघटनेस विनंती

२०२० मध्ये शल्य व शालाक्य पदव्युत्तरांच्या ५८ शस्त्रक्रियांच्या अधिसूचनेवरून वादंग झाले, इंडियन मेडिकल असोसिएशनने ११ डिसेंबरला बंद पाळला. त्या वादात दोन्ही बाजूंनी खूप लिहिले गेले. आमच्यासारख्या सामान्य पदवीधर वैद्यास त्याहून निकडीचा प्रश्न हा वाटतो, की जी शस्त्रक्रिया आपण करणारच नाही, तिच्या आधी व नंतर रुग्ण आपल्याकडे येतो, त्याचे काय? तेथे आपला अधिकार कोणी नाकारलेला नाही. आपणच तो नीट वापरलेला नाही.

संघटनेने एक छापील रुग्णपत्रिका तयार करावी. तीत वरील तीन प्रश्न, पोटरीचे माप, गुडघ्याचे वाकणे-सरळ होणे किती अंश, शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख आणि सहा महिन्यांनंतरची स्थिती एवढेच रकाने असावेत. पिंपरीच्या संत तुकारामनगरात आयुर्वेद महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय चालण्याच्या अंतरावर आहेत. या पत्रिका एकत्र करून अभ्यासण्यास याहून सोयीची जागा कोणती? फिनलंडच्या शल्यविशारदांइतके धैर्य एकदम येणार नाही, पण निदान आपल्या रुग्णांचे पुढे काय झाले हे लिहून ठेवण्याइतके यावे.

तो भोसरीचा मुलगा आता कबड्डी खेळत नाही, लहान मुलांना शिकवितो. मध्यंतरी तो आपल्या एका शिष्यास घेऊन आमच्याकडे आला. मुलाचा गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता. आम्ही तपासले आणि जानुबस्तीचे नाव न काढता त्याच दिवशी चिठ्ठी लिहून दिली. गादी शिवता आली. तो मुलगा शस्त्रक्रियेनंतर पाचव्या आठवड्यापासून आमच्याकडे मांडीच्या अभ्यंगासाठी येत होता.